न संपणारी तबकडी

अलीकडे आमच्या सुशिक्षित समाजांत एक मत फार बोकाळलें आहे. तें असें कीं, इंटरनेट काय किंवा मोबाईल काय, हीं सारीं केवळ साधनें होत. साधनास स्वतःचें असें बरेंवाईट नसतें. सुरीनें फळही कापतां येतें आणि बोटही. तेव्हां कलेचें किंवा समाजाचें कांहीं बिघडत असेल तर दोष वापरणाराचा, साधनाचा नव्हे. हें मत इतकें सोपें, इतकें समंजस आणि बोलणारास इतकें निर्धास्त करणारें आहे कीं, दिवाणखान्यांतील कोणताही वाद त्यावर येऊन थांबतो आणि मंडळी चहाकडे वळतात. आमचें म्हणणें असें कीं, वाद जेथें थांबतो तेथूनच तो खरा सुरू व्हावयास हवा. सुरीची उपमा मुळांतच फसवी आहे. सुरी ठेवल्या जागीं पडून राहते. तुम्हीं तिला किती वेळ हातांत धरलें याचा हिशेब ती ठेवीत नाहीं, आणि तो हिशेब वाढावा म्हणून रात्रीं उशाशीं येऊन किणकिणत नाहीं.

येथें प्रारंभींच एक खुलासा केलेला बरा. यंत्राचें नांव निघतांच कानांवर हात ठेवणाऱ्या आणि गतवैभवाचे उसासे टाकणाऱ्या पंथाचे आम्ही नव्हों. त्या पंथाच्या तक्रारी छापखाना आला तेव्हां झाल्या, ग्रामोफोन आला तेव्हां झाल्या, बोलपट आला तेव्हांही झाल्या. आणि त्यांतील बऱ्याचशा काळानें खोट्या पाडल्या. घराण्यांच्या तिजोऱ्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा भातखंड्यांनीं गांवोगांव हिंडून गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या भागांतून छापून टाकल्या. विद्या अशी उघड्यावर मांडणें कित्येक उस्तादांस रुचलें नव्हतें. पण त्याच पुस्तकांवर पुढें विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या. तेव्हां यंत्र आलें कीं कला मेली, हें रडगाणें आम्हांस गावयाचें नाहीं. आमचा वाद आहे तो दुसऱ्या पक्षाशीं. तो पक्ष म्हणतो कीं, ज्या अर्थीं पूर्वींच्या तक्रारी खोट्या ठरल्या, त्या अर्थीं आजचीही खोटीच ठरणार! 'लांडगा आला रे आला' म्हणून ओरडणारा पोर दोनदां खोटा ठरला खरा; पण म्हणून तिसऱ्या खेपेस लांडगा आलाच नाहीं, असें त्या गोष्टींतही सांगितलेलें नाहीं.

सर्व कलांचा विचार एका लेखांत करूं गेल्यास तो उथळ होईल. म्हणून आपल्या रागसंगीताचेंच उदाहरण घेऊं. यंत्राशीं त्याचा संबंध सव्वाशें वर्षांचा आहे. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें मावत. जो राग मैफलींत तासभर उलगडावयाचा, तो तीन मिनिटांत बसवावयाचा! गौहरजान गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत पुकारून सांगे. कारण तबकड्या तयार व्हावयाच्या त्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें, आणि गाणारी कोण हें तेथील कारागिरांस कळावयास हवें. यंत्र हें निव्वळ साधन असतें तर त्यानें गाण्याची लांबी बदलली नसती आणि त्याच्या शेवटीं नांवाची चिठ्ठीही बांधली नसती. साधन कलेस वळण लावतें हें पहिल्याच तबकडीनें सिद्ध केलें. आणि 'साधन तें साधन' म्हणणारांचा निम्मा पक्ष तेथेंच कोसळला.

परंतु तें वळण कसें होतें तेंही पाहिलें पाहिजे. त्या तीनचार मिनिटांच्या चौकटींत अब्दुल करीम खांसाहेबांनीं झिंझोटींतील ठुमरी गायिली. केसरबाई केरकरांनीं भैरवी गायिली. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या या बाईंची ती साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं अमेरिकेनें अवकाशांत सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडींत आहे. आणि खांसाहेबांच्या त्या ठुमरीनें काय केलें? गदगच्या एका शाळकरी मुलाच्या कानांवर ती तबकडी पडली. असें आपणांस गातां आलें पाहिजे हा ध्यास त्यानें घेतला, आणि १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, तो घर सोडून निघाला. उत्तर हिंदुस्थानांत वणवण करून अखेर तो कुंदगोळास, खांसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायांशीं पोंचला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी हें वाचकांस सांगावयास नकोच.

ही गोष्ट आमचे प्रतिपक्षी मोठ्या उत्साहानें सांगतात, आणि ती त्यांनीं अवश्य सांगावी. मात्र ती पुरी समजून सांगावी. त्या तबकडीनें मुलास घरांत खिळवून ठेवलें नाहीं. तिनें त्याला घराबाहेर काढलें. आपण पुऱ्या नाहीं, खरें गाणें दुसरीकडे आहे, हें जणूं ती स्वतःच सांगत होती. तीन मिनिटें झालीं कीं सुई शेवटच्या चरींत येऊन खरखरूं लागे आणि ऐकणारास उठावें लागे. उठल्यावर तीच बाजू पुन्हां लावावयाची, ती जागा स्वतः गुणगुणून पाहावयाची, कीं गुरूच्या शोधास निघावयाचें, हें त्याचें त्यानें ठरवावयाचें. कंपनीचा व्यवहार तबकडी विकली तेथें संपलेला असे. घरीं नेल्यावर ती तुम्हीं शंभरदां ऐकली कीं कपाटांत ठेवून दिली, याचें तिला सोयरसुतक नव्हतें. तबकडी संपत असे. आमच्या सर्व म्हणण्याचा गाभा या तीन शब्दांत आहे.

आजच्या यंत्राचा नफा, जुन्या यंत्राचा जेथें संपे तेथून सुरू होतो. तबकडी, मासिक, नाटकाचें तिकीट या वस्तु होत्या; पैसा वस्तूचा होता. आतां गाणें, चित्र, बातमी आणि विनोद हें सारें जवळजवळ फुकट वाटलें जातें, आणि जें विकलें जातें तें तुमचें लक्ष होय, घेणारा जाहिरातदार. माहिती मुबलक झाली कीं लक्ष दुर्मिळ होतें, हें अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनीं १९७१ सालींच सांगून ठेवलें होतें. दुर्मिळ वस्तूचा व्यापार होणारच. आणि लक्षाच्या व्यापाऱ्यास सर्वांत मोठें संकट कोणतें, तर गिऱ्हाइकानें उठून जाणें. म्हणून एक गाणें संपण्याच्या आंत दुसरें आपोआप सुरू होतें. म्हणून पान कितीही वर सारलें तरी खालून नवें येतच राहतें. ही अंतहीन पानाची रचना ॲझा रॅस्किन या अमेरिकन रचनाकारानें २००६ सालीं तयार केली, आणि पुढें त्यानेंच तिच्याविषयीं जाहीर खेद व्यक्त केला. तबकडीची शेवटची चर अशा रीतीनें काढून टाकण्यांत आली आहे. सुई आतां कधींच खरखरत नाहीं. आणि म्हणून ऐकणारा कधींच उठत नाहीं.

याचा कलेवर परिणाम काय होतो तें आंकड्यांनींच पाहावें. स्पॉटिफाय ही गाणीं ऐकविणारी कंपनी आपल्याकडे २०१९ सालीं आली. तिच्या हिशेबांत तीस सेकंद ऐकलें गेलें कीं एक 'श्रवण' नोंदलें जातें, आणि मोबदला ठरतो तो श्रवणांच्या संख्येवरून. आतां एका रसिकानें मल्लिकार्जुन मन्सूरांचा चाळीस मिनिटांचा राग आरंभापासून अखेरपर्यंत ऐकला, तर नोंद होते एक. त्याच चाळीस मिनिटांत दुसऱ्यानें दोन दोन मिनिटांचीं गाणीं ऐकलीं, तर नोंदी होतात वीस. म्हणजे जो कलावंत श्रोत्यास चाळीस मिनिटें एका आसनावर बसवूं शकतो, त्याची किंमत या तराजूंत विसावा हिस्सा! शिवाय वर्गणीची रक्कम सरसकट एका हौदांत ओतली जाते आणि एकूण श्रवणांच्या प्रमाणांत वांटली जाते. साताऱ्याच्या एखाद्या कुटुंबानें महिनाभर केवळ मन्सूरच ऐकले, तरी त्याच्या वर्गणीचा बहुतेक भाग ज्यांचें नांवही त्या घरांत कोणी ऐकलेलें नाहीं अशांकडे जातो. भरींत भर म्हणून २०२४ सालापासून या कंपनीनें असा नियम केला कीं, मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणें न झालेल्या ध्वनिमुद्रणास कांहींच मिळावयाचें नाहीं. व्यापाराच्या दृष्टीनें हें सोयीचें असेल. पण खेड्यांतील एखाद्या बुजुर्ग गायकाची दुर्मिळ बंदिश साडेनऊशें मनें लावून ऐकली गेली, तर ती शून्य, हा कोणत्या न्यायशास्त्राचा निवाडा आहे?

माप बदललें कीं कला बदलते, हें इतरत्रही दिसतें. यूट्यूबनें २०१२ सालीं आपल्या शिफारशींचा आधार 'किती जणांनीं उघडलें' यावरून 'किती वेळ पाहिलें' यावर नेला. दहा मिनिटांहून मोठ्या चित्रफितीच्या मध्यें जाहिराती घालतां येतात असें ठरतांच पांच मिनिटांत सांगून होणाऱ्या गोष्टी दहा मिनिटें चघळल्या जाऊं लागल्या. २०२० सालीं ती मर्यादा आठ मिनिटांवर आली. लगोलग उलटा वारा सुटला, आणि सारें जग मिनिटाच्या आंतील तुकड्यांत शिरलें. या कलावंतांस आयत्या वेळीं नवी प्रतिभा सुचली होती काय? नाहीं. गज बदलला, म्हणून कापड बदललें. आणि गज कोणाच्या हातांत आहे हें विणकरास कोणी विचारलें नाहीं.

ख्यालास तर हा गज मुळींच लागू पडत नाहीं. अतिविलंबित एकतालाचें एक आवर्तनच जवळजवळ मिनिटभराचें असूं शकतें. म्हणजे तें पुरें होण्यापूर्वींच गणकाची मोजणी आटोपलेली असते. गवई षड्ज लावतो, स्वरांच्या सभोंवतीं सावकाश फिरतो, पुढला स्वर दाखवितो आणि देत नाहीं. हें न देणें हाच त्या कलेचा प्राण आहे. प्रतीक्षा हा तेथें दोष नसून रस आहे. जेथें पहिल्या दोन सेकंदांत कांहीं चमकलें नाहीं तर अंगठा पुढें सरकतो, तेथें गवयानें काय करावें? तो तानेपासून आरंभ करतो, तिहाई आधीं दाखवितो, आणि ज्या जागेवर टाळी पडली ती तेवढी कापून पाठवितो. मैफलींत टाळी ही चढणीच्या शेवटीं येत असे. येथें चढण वगळून शिखरें तेवढीं पुडींत बांधून मिळतात. आणि चढणीवांचूनचें शिखर म्हणजे सपाट जमीनच, हें सांगावयास भूगोल शिकावा लागत नाहीं.

यावर प्रतिपक्ष आपलें सर्वांत जोरदार शस्त्र बाहेर काढतो. तो म्हणतो, "पूर्वीं दारावर पहारेकरी होते, आतां दार सताड उघडें आहे. हें स्वातंत्र्य तुम्हांस खुपतें काय?" पहारेकरी होते, आणि ते शहाणे होते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आकाशवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमला बंदी केली आणि ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. १९५२ सालीं नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनीं सिनेसंगीतास आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलें. पण त्या हट्टांचें पुढें काय झालें तें पाहा. पेटीच्या बाजूनें आणि विरुद्ध अनेक वर्षें उघड वाद झाले. सिनेसंगीताच्या श्रोत्यांनीं तर रेडिओचा कांटा सरळ सिलोनकडे फिरविला, आणि १९५७ सालीं आकाशवाणीस 'विविध भारती' सुरू करावी लागली. पहारेकरी चुकत होता, पण त्याला नांव होतें, चेहरा होता, कचेरी होती. त्याला पत्र लिहितां येत होतें, विधिमंडळांत जाब विचारतां येत होता, आणि वेळ पडल्यास त्याची टर उडवितां येत होती.

आजचें दार उघडें दिसतें एवढेंच. तुम्हीं आंत जावें. परंतु तुमचें गाणें कोणापुढें ठेवावयाचें आणि कोणापासून झांकावयाचें हें अल्गोरिदम नांवाचें एक अदृश्य गणित ठरवितें, आणि त्याचा नियम कोणी सांगत नाहीं. २०१८ सालीं जेम्स ऱ्होड्स या इंग्रज पियानोवादकानें स्वतः वाजविलेला बाखचा एक तुकडा फेसबुकवर ठेवला. बाखला जाऊन अडीचशें वर्षें उलटून गेलीं, वाजविणारा स्वतः, तरी त्यांतील सत्तेचाळीस सेकंदांवर एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीची मालकी असल्याचें यंत्रानें ठरविलें आणि आवाज बंद केला. त्यानें जाहीर ओरड केली तेव्हां चूक सुधारली. तो नामांकित होता. ज्याच्या ओरडण्यास दहा माणसांपलीकडे कान नाहीं, त्यानें काय करावें? चेहरा असलेला पहारेकरी गेला आणि बिनचेहऱ्याचा बसला, याला स्वातंत्र्य म्हणण्याची आमची तयारी नाहीं.

दोष कोणा एका कंपनीचा नव्हे, मापाचा आहे, याचा पुरावा आपल्याच देशानें दिला आहे. २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉकसह एकूणसाठ चिनी ॲप्सवर बंदी घातली. तिचीं कारणें राजकीय होतीं. त्यांत आम्ही शिरत नाहीं. आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक नाचणारे, गाणारे, नकला करणारे त्या मंचावर उभे होते; त्यांनीं जमविलेला सारा श्रोतृवर्ग एका फर्मानानें नाहींसा झाला. ज्यांच्या कलेस दुसरा मंच नव्हता, त्यांच्या पायांखालची ती सतरंजी होती. आणि पुढें काय? जुलैंत इन्स्टाग्रामनें रील्स आणल्या, सप्टेंबरांत यूट्यूबनें शॉर्ट्स. मालक बदलला, झेंडा बदलला. अंगठा मात्र तोच, तुकडा तोच आणि गजही तोच. ज्यांस वाटतें कीं अमुक एक कंपनी हटली कीं सारें सुधारेल, त्यांनीं या तीन महिन्यांचा इतिहास पाठ करावा.

कोणी म्हणेल, "गळ्यावर सुरी ठेवून कोणी पाहावयास लावीत नाहीं, मोह आवरावा!" मोह आवरावा हें खरेंच, पण यांत दोन पैलवानांची जोड कशी विषम आहे तें लक्षांत घ्यावें. एका बाजूस शाळेंतून दमून आलेला बारा वर्षांचा मुलगा. दुसऱ्या बाजूस त्याचा अंगठा कोठें थबकला, कोठें सरकला याचा क्षणाक्षणाचा हिशेब ठेवणारें आणि त्यावरून पुढला घांस ठरविणारें यंत्र. हा मुलगा हरला कीं आपण त्याच्या संयमावर व्याख्यान देतों. यंत्राच्या मालकास मात्र कोणी व्याख्यान देत नाहीं. शिवाय घरांत रेडिओ एक होता तेव्हां आवडनिवड भांडणाची का होईना, पण सर्वांची होती. आजोबांचें नाट्यगीत नातवाच्या कानांवर नकळत पडे, आणि पुढें वीस वर्षांनीं त्याची त्याला आठवण येई. आतां एका खोलींत चार माणसें, आठ कान आणि चार वेगळीं जगें. प्रत्येकास त्याच्या कालच्या आवडीचेंच ताट आज वाढलें जातें. अभिरुचि ही आवडीपेक्षां निराळी वस्तु आहे. जें प्रथम आवडत नाहीं त्याच्यापाशीं कांहीं काळ बसण्यानें ती तयार होते. नावडतें ताटांत कधींच येऊं न देणारा वाढपी प्रेमळ वाटतो, पण त्याच्या पंक्तीस जेवून अंग धरत नाहीं.

या अखंड भुकेस माणसांनीं केलेलीं गाणीं पुरेनाशीं झालीं, तेव्हां यंत्रानेंच गाणीं करावीं हें ओघानेंच आलें. आवाजाचीही नक्कल होऊं लागली. २०२४ सालीं गायक अरिजित सिंग यांस आपल्या आवाजाच्या अशा उपयोगाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत जावें लागलें, आणि न्यायालयानें त्यांस अंतरिम संरक्षण दिलें. ज्यांस कोर्टाची पायरी परवडते त्यांचा गळा वांचला. इतरांचा देव जाणे. परंतु आमची खरी भीति गाणें कोण करतो ही नसून तें कशासाठीं केलें जातें ही आहे. श्रोत्यानें उठूं नये एवढ्याच हेतूनें जें जन्मास येतें, तें माणसानें केलें काय आणि यंत्रानें केलें काय, सारखेंच.

मग इलाज काय? मोबाईल विहिरींत टाका असें आम्ही सांगत नाहीं. केसरबाईंची तीच भैरवी आज विदर्भांतल्या एखाद्या खेड्यांतील मुलीस विनासायास ऐकतां येते, ही लहान गोष्ट नव्हे. पण गज कोणाच्या हातीं असावा हा प्रश्न राज्यकारभाराचा आहे, आणि तो तसाच हाताळला पाहिजे. युरोपीय संघानें २०२२ सालच्या डिजिटल सेवा कायद्यान्वयें फार मोठ्या कंपन्यांस असें बंधन घातलें कीं, वापरणाराच्या सवयींवर पाळत न ठेवतां केलेल्या शिफारशींचा एक तरी पर्याय त्यास दिला पाहिजे. असा नियम आपल्याकडेही मागावयास हवा. आणि त्याबरोबर शिफारशींचीं तत्त्वें व मोबदल्याचा हिशेब कलावंतांस उघड सांगण्याचें बंधनही. आकाशवाणीच्या संग्रहांत जनतेच्या पैशानें जमलेलें गाणें आहे. तें समग्र, क्रमवार, जाहिरातीवांचून आणि 'पुढें काय' याची लालूच न दाखवितां जनतेपुढें ठेवणें हें सरकारचें काम आहे. संगीतसभांनीं तुकड्यांच्या लोकप्रियतेवरून कलावंत निवडण्याची नवी खोड सोडावी.

आणि ज्यांच्यासाठीं हा लेख लिहिला त्या कुटुंबांनींही थोडें करावें. आठवड्यांतून एकदां एक राग, एका बैठकींत, सर्वांनीं मिळून, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावा. आणि तो संपला कीं यंत्र बंद करावें. पहिल्या दिवशीं मुलें कंटाळतील. कंटाळूं द्यावीं, कंटाळ्याच्या पलीकडेच तो गांव आहे. गाणें संपल्यावर जी शांतता उरते, तिच्यांत माणूस स्वतःशीं कांहीं ठरवीत असतो. गदगच्या मुलानें तेंच केलें. ती शांतता विकावयास आज बाजार बसला आहे. ती आपण विकूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.